ऑस्ट्रेलियात राहून २०२६चा फुटबॉल विश्वचषक: वेळ आणि तारीख कशी जुळवावी

कतारमधील २०२२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मेलबर्नच्या घड्याळाप्रमाणे सोमवारी, १९ डिसेंबरला, रात्री २ वाजता सुरू होणार होता. मी एका मित्राला फोनवर सांगितले, “रविवारी रात्री दोनला ये, एकत्र पाहू.” तो आला, पण एक दिवस आधी. शनिवार मावळून रविवार लागल्याला पावणेदोन तास झाले होते आणि हा गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन दारात उभा होता. त्याचे म्हणणे असे की, घड्याळ रविवार दाखवते आहे, रात्र आहे आणि दोन वाजायला पंधरा मिनिटे कमी आहेत, मग चुकले कुणाचे? चूक माझी होती. सुदैवाने त्याच वेळी तिसऱ्या क्रमांकासाठीचा क्रोएशिया-मोरोक्को सामना असल्याने त्याची खेप अगदीच वाया गेली नाही.

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी हा लेख लिहिताना तो प्रसंग मुद्दाम आधी सांगितला, कारण दूरच्या देशातील सामने पाहणाऱ्यांचे तास सहसा चुकत नाहीत, तारीख चुकते. तासांचे गणित फोनच करून देतो. तारखेचा घोटाळा मात्र आपल्या बोलण्यात, छापील वेळापत्रकात आणि गजर लावण्याच्या पद्धतीत लपलेला असतो. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथील २०२६च्या विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने आहेत, आणि सोळा यजमान शहरांची घड्याळे चार वेगवेगळ्या वेळा दाखवतात. त्यामुळे स्पर्धा सुरू होण्यापूर्वी एकदा शांतपणे बसून हा हिशेब मांडून ठेवणे फायद्याचे आहे.

पहिली पायरी: आपले घड्याळ ओळखावे

जून-जुलै हा ऑस्ट्रेलियातील हिवाळा असतो, म्हणून या काळात कोणत्याही राज्यात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत, लागू नसते. ही मोठी सोय आहे, कारण उन्हाळ्यात पाच तुकड्यांत विभागलेला हा देश हिवाळ्यात तीन मुख्य वेळांवर येतो. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, कॅनबेरा आणि होबार्ट ही पूर्वेकडील शहरे जागतिक प्रमाणवेळेच्या १० तास पुढे असतात. ॲडलेड आणि डार्विन साडेनऊ तास पुढे असतात, तर पर्थ ८ तास पुढे असते. न्यू साउथ वेल्स राज्यात असूनही ब्रोकन हिल हे गाव ॲडलेडची वेळ पाळते, हे तिकडे नोकरीनिमित्त जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे हिवाळ्यात सिडनी भारताच्या साडेचार तास पुढे, ॲडलेड बरोबर चार तास पुढे आणि पर्थ अडीच तास पुढे असते. ॲडलेडच्या मराठी मंडळींना अर्ध्या तासाची वजाबाकी करावी लागत नाही, ही त्यांची चैन आहे.

दुसरी पायरी: मैदानावरचे घड्याळ ओळखावे

यजमान शहरांची विभागणी एकदा वहीत उतरवून घेतली की पुढचे काम सोपे होते. न्यूयॉर्क-न्यू जर्सी, बॉस्टन, फिलाडेल्फिया, अटलांटा, मायामी आणि टोरांटो ही पूर्व विभागातील शहरे या काळात जागतिक प्रमाणवेळेच्या ४ तास मागे असतात. डॅलस, ह्यूस्टन आणि कॅन्सस सिटी ही मध्य विभागातील शहरे ५ तास मागे असतात. मेक्सिको सिटी, ग्वादालाहारा आणि मॉन्तेरे ही मेक्सिकोतील तीन शहरे ६ तास मागे, तर लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को परिसर, सिअॅटल आणि व्हँकुव्हर ही पॅसिफिक किनाऱ्याकडील शहरे ७ तास मागे असतात.

येथे मेक्सिकोकडे विशेष लक्ष द्यावे. नकाशावर मेक्सिको सिटी आणि डॅलस जवळपास एकाच पट्ट्यात दिसतात, पण मेक्सिकोने २०२२ साली सीमेलगतचा काही भाग वगळता उन्हाळी वेळ बंद केली आणि अमेरिकेने ती चालू ठेवली. त्यामुळे जूनमध्ये त्या दोन शहरांत एका तासाचे अंतर पडते. ज्यांच्या फोनमधील किंवा जुन्या संगणकातील प्रणाली कित्येक वर्षांत अद्ययावत झालेली नाही, त्यांना मेक्सिकोतील सामन्यांची वेळ एका तासाने चुकीची दिसू शकते.

तिसरी पायरी: बेरीज करावी, आणि तारीख एकाने वाढवावी

स्पर्धा ११ जूनला सुरू होऊन १९ जुलैला संपते. या अवधीत ना ऑस्ट्रेलियात घड्याळे बदलतात, ना यजमान देशांत. एकदा काढलेला फरक अखेरपर्यंत तसाच राहतो. सिडनी-मेलबर्नमध्ये राहणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या वेळेत १४ तास, डॅलसच्या वेळेत १५, मेक्सिको सिटीच्या वेळेत १६ आणि सिअॅटलच्या वेळेत १७ तास मिळवावेत. ॲडलेड-डार्विनकरांनी त्यातून अर्धा तास आणि पर्थकरांनी दोन तास कमी करावेत.

पर्थच्या रहिवाशांसाठी याहून सोपी युक्ती आहे. पर्थ आणि न्यूयॉर्क यांच्यात या दिवसांत बरोबर १२ तासांचे अंतर असते, म्हणून घड्याळातील काटे हलवायचेच नाहीत. तेथे दुपारचे ३ तर येथे रात्रीचे ३, तेथे रात्रीचे ९ तर येथे सकाळचे ९. सिडनीकरांनी न्यूयॉर्कच्या आकड्यात दोन मिळवून दिवस-रात्र उलटवावी, म्हणजे दुपारचे ३ हे पहाटेचे ५ होतात.

आता तारीख. मैदानावरच्या घड्याळाप्रमाणे या स्पर्धेतील सामने दुपारी १२ ते रात्री १० या वेळांत सुरू होतात. वर दिलेले फरक त्यांना लावून पाहिले, तर कोणत्याही शहरातील कोणताही सामना ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर दुसऱ्याच दिवशी पडतो. अपवाद नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: मैदानावरची तारीख घ्यावी आणि एकाने वाढवावी. आपल्यापुरता हा विश्वचषक १२ जून ते २० जुलै असा आहे, हे दिनदर्शिकेवर आधी लिहून टाकावे.

यात एक खाचखळगा आहे. काही वेळापत्रकांत मैदानाच्या स्थानिक वेळेऐवजी सगळ्या सामन्यांची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळात दिलेली असते. व्हँकुव्हरमध्ये १३ जूनला रात्री ९ वाजता सुरू होणारा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळात १४ जूनच्या मध्यरात्री १२ वाजता पडतो. तो ‘१४ जून, १२:००’ असा छापलेला पाहून कुणी तारीख एकाने वाढवली, तर तो १५ जूनला टीव्ही लावून बसेल, आणि सामना आदल्या दिवशीच होऊन गेलेला असेल. हा काल्पनिक सामना नाही, ऑस्ट्रेलियाचाच पहिला सामना आहे. तेव्हा तारीख वाढवण्यापूर्वी ती मैदानाची आहे की न्यूयॉर्कची, हे पाहून घ्यावे.

आद्याक्षरांवर विश्वास ठेवू नये

वेळेच्या विभागांची इंग्रजी आद्याक्षरे हे गोंधळाचे मोठे आगर आहे. अमेरिकेतील पूर्व विभागाच्या हिवाळी वेळेला ‘ईएसटी’ म्हणतात, तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेला ‘एईएसटी’. पण येथील कित्येक लोक आणि दुकानांच्या पाट्याही पहिले अक्षर गाळून नुसते ‘ईएसटी’ लिहितात. ‘सीएसटी’चीही तीच गत आहे. ती अमेरिकेच्या मध्य विभागाची असू शकते, ॲडलेडची असू शकते आणि चीनचीही असू शकते.

त्यातून आणखी एक सूक्ष्म चूक होते. अमेरिकेत जूनमध्ये ‘ईएसटी’ चालू नसते, उन्हाळी वेळेमुळे तिची जागा ‘ईडीटी’ने घेतलेली असते. तरीही सवयीने पुष्कळ ठिकाणी ‘ईएसटी’च लिहिले जाते. एखाद्याने ते शब्दशः घेऊन संकेतस्थळावर रूपांतर केले, तर त्याला १४ऐवजी १५ तासांचा फरक मिळतो आणि पहाटे ५चा सामना ६चा वाटतो. तो टीव्ही लावेल तेव्हा मध्यंतर संपत आलेले असेल. म्हणून रूपांतर करताना आद्याक्षरांऐवजी शहराचे नाव टाकावे. ‘न्यूयॉर्क’ आणि ‘मेलबर्न’ असे लिहिले की उन्हाळी वेळेची काळजी यंत्र घेते.

अमेरिकेत तारीख लिहिताना आधी महिना आणि मग दिवस लिहितात, हेही येथे नमूद करावे. ‘६/१२’ म्हणजे त्यांचा १२ जून. ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे तो ६ डिसेंबर वाचला जाईल. स्पर्धेबाहेरची तारीख दिसल्यामुळे ही चूक लगेच लक्षात येते, त्यामुळे तिची फार धास्ती नको.

चौथी पायरी: दिवसाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणावे

गटसाखळीतील बहुतेक सामने न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी १२, दुपारी ३, संध्याकाळी ६ आणि रात्री ९ अशा तीन-तीन तासांच्या अंतराने लावलेले आहेत. काही सामने या चौकटीच्या मध्ये पडतात आणि थोडे मध्यरात्रीपर्यंत जातात. सिडनीत या वेळा अनुक्रमे रात्री २, पहाटे ५, सकाळी ८ आणि सकाळी ११ अशा येतात, आणि सर्वांत उशिराचा सामना दुपारी २ वाजता सुरू होतो. ॲडलेडमध्ये त्या दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहा अशा पडतात. पर्थमध्ये मध्यरात्रीचे १२, रात्रीचे ३, सकाळचे ६ आणि ९.

म्हणजे पूर्व किनाऱ्यावर सारे सामने रात्री २ ते दुपारी २ या बारा तासांत सुरू होतात, आणि संध्याकाळ पूर्ण रिकामी असते. कतारच्या स्पर्धेत सिडनीला रात्री ९, १२, ३ आणि सकाळी ६ अशा वेळा होत्या, तेव्हा जागरण करणाऱ्यांची स्पर्धा होती. ही स्पर्धा लवकर उठणाऱ्यांची आहे. माझ्या मते ती घरसंसार असलेल्या माणसाला अधिक सोयीची आहे, कारण रात्री दहाला निजून पहाटे पावणेपाचला उठणे शरीराला झेपते, तीन वाजेपर्यंत जागून आठच्या गाडीने कामावर जाणे झेपत नाही. पर्थकरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पहाटे ५चा सामना त्यांच्याकडे ऐन रात्री ३ला येतो, आणि ती वेळ ना जागण्याची ना उठण्याची. त्यांनी सकाळी ६ आणि ९चे सामने धरावेत आणि ३चे सामने फार जवळच्या संघासाठी राखून ठेवावेत.

पर्थमध्ये मध्यरात्री १२च्या सामन्यांची तारीख लिहिताना विशेष जपावे. ‘२१ जून, रात्री १२’ असे लिहिले तर २१ तारीख सुरू होतानाचे बारा की संपतानाचे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे ‘२१ जून, ००:००’ असे लिहिले की शंका उरत नाही.

पाचवी पायरी: वेळ मराठीत नीट लिहावी

आपल्या भाषेत ‘रविवारी रात्री दोन वाजता’ असे सहज म्हटले जाते, आणि त्याला कारण आहे. पंचांगातील वार सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने सोमवार उजाडेपर्यंत रविवारच चालू असतो, म्हणून रात्रीचे दोन हे रविवारचेच. फोनचा वार मात्र मध्यरात्री बदलतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना पहिली रीत चालते, दिनदर्शिका दुसरी रीत चालवते, आणि माझा थर्मासवाला मित्र या दोहोंच्या मध्ये सापडला.

यावर उपाय म्हणजे दोन्ही वार लिहावेत. ‘शुक्रवार १९ संपून शनिवार २० उजाडताना, पहाटे ५’ असे एकदा लिहिले की कोणत्याही रीतीने वाचणारा चुकत नाही. निरोप थोडा लांबतो, पण पहाटे चुकीच्या दिवशी कुणाला उठवण्यापेक्षा ते बरे.

गजराचेही असेच. फोनच्या साध्या गजराला तारीख नसते, तो पुढचे ५ वाजले की वाजतो. शनिवारी पहाटे ५चा सामना असेल तर गजर शुक्रवारी रात्री निजताना लावावा, किंवा गजरात शनिवार हा वार निवडावा. गुरुवारी रात्री उत्साहाने लावलेला गजर शुक्रवारी पहाटे सगळ्या घराला उठवतो.

सहावी पायरी: सामने फोनच्या दिनदर्शिकेत भरावेत, आणि एकदा ताळा करावा

फोनच्या दिनदर्शिकेत सामना भरताना आपण स्वतः बेरीज करून सिडनीची वेळ टाकू नये. नोंद करताना वेळेचा विभाग निवडण्याची सोय असते. तेथे मैदानाच्या शहराचा विभाग निवडावा आणि तेथील स्थानिक वेळ टाकावी. फोन ती आपल्या वेळेत दाखवतो. याचा दुसरा लाभ असा की, स्पर्धेच्या काळात आपण मेलबर्नहून पर्थला किंवा सुट्टीवर पुण्याला गेलो, तर नोंदी आपोआप तेथील वेळेत बदलतात. संपूर्ण स्पर्धेचे तयार वेळापत्रकही दिनदर्शिकेला जोडता येते, पण ते जोडल्यावर ताळा केल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ताळा करण्यासाठी उद्घाटनाचा सामना घ्यावा. मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा सामना ११ जूनला मेक्सिको सिटीत दुपारी १ वाजता सुरू होतो. तो आपल्या फोनवर सिडनी-मेलबर्नमध्ये शुक्रवार १२ जून पहाटे ५, ॲडलेडमध्ये साडेचार आणि पर्थमध्ये रात्री ३ असा दिसला पाहिजे. तेथे ४ किंवा ६ दिसले, तर उन्हाळी वेळेचा कोठेतरी घोळ झाला आहे असे समजावे आणि ते वेळापत्रक काढून टाकावे.

ऑस्ट्रेलियात या स्पर्धेचे सर्व १०४ सामने एसबीएस ही सार्वजनिक वाहिनी विनाशुल्क दाखवणार आहे, आणि एसबीएस ऑन डिमांड या तिच्या सेवेवर नाव नोंदवून फोन किंवा संगणकावरही ते पाहता येतील. नव्याने आलेल्यांनी महागडी वर्गणी भरण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. जाहिरातीत एकच वेळ सांगितली असेल तर ती बहुधा पूर्व किनाऱ्याची असते, म्हणून ॲडलेड, डार्विन आणि पर्थच्या प्रेक्षकांनी आपापली वजाबाकी करावी.

ऑस्ट्रेलियाचे तीन सामने, सोडवलेल्या उदाहरणांसारखे

ऑस्ट्रेलियाचा संघ ‘ड’ गटात यजमान अमेरिका, पॅराग्वे आणि युरोपातील पात्रता सामन्यांतून आलेला एक संघ यांच्यासोबत आहे. या गटाची सुरुवात अमेरिका-पॅराग्वे सामन्याने होते. तो लॉस एंजेलिसमध्ये १२ जूनला संध्याकाळी ६ वाजता, म्हणजे सिडनीत शनिवारी १३ जूनला सकाळी ११ वाजता आहे. प्रतिस्पर्धी पाहून घ्यायला याहून निवांत वेळ मिळणार नाही.

ऑस्ट्रेलियाचा पहिला सामना वर उल्लेखलेला व्हँकुव्हरचा, युरोपातून आलेल्या संघाविरुद्ध. तेथे शनिवार १३ जून रात्री ९, येथे रविवार १४ जून. सिडनीत दुपारी २, ॲडलेडमध्ये दीड, पर्थमध्ये दुपारी १२. रविवारचे जेवण आटोपून पाहण्याचा सामना.

दुसरा सामना अमेरिकेविरुद्ध सिअॅटलमध्ये, शुक्रवार १९ जूनला दुपारी १२ वाजता आहे. त्यात १७ मिळवले की सिडनीत शनिवार २० जूनची पहाट, ५ वाजता. ॲडलेडमध्ये साडेचार, पर्थमध्ये रात्री ३. जूनमध्ये सिडनीत सात वाजण्याच्या सुमारास उजाडते आणि मेलबर्नमध्ये त्याहून अर्ध्या तासाने उशिरा, त्यामुळे हा सामना जवळपास पूर्णपणे अंधारात संपतो. घर तापवण्याची सोय आदल्या रात्रीच पाहून ठेवावी, हे पहिला हिवाळा काढणाऱ्यांना सांगितलेले बरे.

तिसरा पॅराग्वेविरुद्ध, सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सांता क्लारा येथे, गुरुवार २५ जूनला संध्याकाळी ७ वाजता. सिडनीत तो शुक्रवार २६ जून दुपारी १२, ॲडलेडमध्ये साडेअकरा, पर्थमध्ये सकाळी १०. वेळ सोयीची, वार गैरसोयीचा. अर्ध्या दिवसाची रजा हवी असेल तर ती याच सामन्यासाठी आधी मागून ठेवावी. गटातील शेवटचे दोन सामने नेहमी एकाच वेळी खेळवले जातात, त्यामुळे याच क्षणी दुसरीकडे अमेरिकेचा सामनाही चालू असेल. गुणतालिकेचा हिशेब करणाऱ्यांनी दुसरा पडदा जवळ ठेवावा.

सातवी पायरी: बाद फेरीसाठी वेळापत्रक कच्चे ठेवावे

बारा गटांतील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारांपैकी सर्वोत्तम आठ संघ मिळून ३२ संघ बाद फेरीत जातात. आपला संघ तिसरा आला, तर तो पुढे गेला की नाही आणि कोणत्या शहरात खेळणार, हे इतर गटांचे निकाल लागेपर्यंत कळत नाही. गटसाखळीचा शेवटचा दिवस तेथे २७ जून आहे, म्हणजे आपल्याकडे २८ जूनची, रविवारची दुपार. आणि बाद फेरीचा पहिला सामना लगेच सोमवारी २९ जूनला पहाटे ५ वाजता. मध्ये पुरता एक दिवसही मिळत नाही.

‘ड’ गटाचा विजेता १ जुलैला सांता क्लारात खेळतो आणि उपविजेता ३ जुलैला डॅलसमध्ये. आपल्या तारखा अर्थातच २ आणि ४ जुलै. बाद फेरीतील वेळा तीन-तीन तासांच्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून गटसाखळीची सवय तेथे वापरू नये. प्रत्येक सामना स्वतंत्रपणे तपासावा.

सामन्याची लांबीही येथे बदलते. गटसाखळीत मध्यंतर, वाया गेलेल्या वेळेची भरपाई आणि यंदा दोन्ही अर्धांत पाणी पिण्यासाठी दिलेला तीन मिनिटांचा विराम धरून दोन तास पुरतात. बाद फेरीत बरोबरी झाली तर ३० मिनिटांची जादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआउट, म्हणून तीन तास मोकळे ठेवावेत. सामना ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्यांनी पुढचा कार्यक्रमही मुद्रणाला लावावा. ठरल्या वेळेला मुद्रण थांबते आणि शूटआउट नेमके त्याच्या पलीकडे राहते, याचा अनुभव मी घेतला आहे.

उपांत्य सामने डॅलस आणि अटलांटा येथे १४ आणि १५ जुलैला आहेत, आणि दोन्ही पूर्व किनाऱ्यावर पहाटे ५ वाजता येतात, बुधवारी १५ आणि गुरुवारी १६ जुलैला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना रविवार १९ जुलै सकाळी ७. अंतिम सामना न्यू जर्सीत १९ जुलैला दुपारी ३ वाजता, म्हणजे सोमवार २० जुलै: सिडनी पहाटे ५, ॲडलेड साडेचार, पर्थ रात्री ३. या वेळी मध्यंतरात संगीताचा कार्यक्रम जाहीर झालेला असल्यामुळे विराम नेहमीपेक्षा लांबू शकतो, आणि जादा वेळ झाली तर आठही वाजतील. सोमवारी सकाळची पहिली बैठक पुढे ढकलता येत असेल तर ती आताच ढकलावी.

घरच्यांबरोबर पाहताना

कोल्हापूरच्या पेठांत विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, गोव्यात पोर्तुगालचा चाहता घरटी सापडतो. तेथून ऑस्ट्रेलियात आलेल्यांना सामना एकट्याने पाहवत नाही, भावाशी किंवा मावशीशी फोनवर बोलत पाहायचा असतो. अशा वेळी दोन घरांच्या तारखा वेगळ्या पडू शकतात. पोर्तुगालचा पहिला सामना १७ जूनला ह्यूस्टनमध्ये दुपारी १२ वाजता आहे. मडगावात तो १७ जूनलाच रात्री साडेदहाला सुरू होतो आणि सिडनीत १८ जूनला रात्री ३ वाजता. उलट ऑस्ट्रेलिया-अमेरिका सामना भारतात २० जूनला रात्री साडेबाराला पडतो, तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच असते. भारतातील वर्तमानपत्राच्या वेळापत्रकाचे छायाचित्र कुणी पाठवले, तर त्यातील तारीख जशीच्या तशी उचलू नये. वेळेत साडेचार तास मिळवावेत आणि मध्यरात्र ओलांडली का ते पाहावे.

इंटरनेटवरून येणारे चित्र अँटेनावरून येणाऱ्या प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद मागे असते, क्वचित अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. तुमच्या पडद्यावर पेनल्टीसाठी चेंडू ठेवला जात असताना पलीकडून फोनवर जल्लोष ऐकू येतो, आणि मग पाहण्यासारखे काही उरत नाही. दोघांपैकी ज्याचे चित्र पुढे आहे त्याने गोल झाल्यावर गप्प बसायचे, असा करार आधीच करावा. तो पाळला जात नाही, पण करावा. सामना नंतर पाहणाऱ्यांनी कुटुंबाच्या आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटांच्या सूचना आदल्या रात्रीच बंद कराव्यात.

पुढच्या स्पर्धांसाठी

हे आकडे जून-जुलैपुरतेच खरे आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, कॅनबेरा, टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया येथे घड्याळे एक तास पुढे असतात, तर क्वीन्सलँड, नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया येथे ती तशीच राहतात. मार्च २०२६मध्ये महिलांचा आशियाई चषक पर्थ, गोल्ड कोस्ट आणि सिडनी येथे ठेवला गेला, तेव्हा एकाच देशातील या तीन शहरांत तीन वेळा होत्या. भारतीय महिला संघाचे पहिले दोन गटसामने पर्थमध्ये आणि तिसरा सिडनीत होता. संघाच्या मागे फिरणाऱ्या चाहत्याला भारताशी असलेला फरक अडीच तासांवरून साडेपाच तासांवर न्यावा लागत होता.

पुरुषांचा आशियाई चषक ७ जानेवारी २०२७पासून सौदी अरेबियात आहे. तो देश जागतिक प्रमाणवेळेच्या ३ तास पुढे असतो आणि तेथे घड्याळे बदलत नाहीत. त्या दिवसांत सौदीच्या वेळेत सिडनी-मेलबर्नकरांनी ८ तास मिळवावेत, ॲडलेडकरांनी साडेसात, ब्रिस्बेनकरांनी ७, डार्विनकरांनी साडेसहा आणि पर्थकरांनी ५. तेथे रात्री ७ला सुरू होणारा सामना पर्थमध्ये रात्री १२ला, ब्रिस्बेनमध्ये २ला आणि सिडनीत ३ला पडेल, आणि तिन्ही ठिकाणी तारीख पुढची असेल. तोच सामना दुपारी ३चा असेल, तर पर्थमध्ये रात्रीचे ८ वाजलेले असतील आणि सिडनीत ११, आणि तारीख मात्र बदलणार नाही. त्या स्पर्धेत तारीख एकाने वाढवण्याचा नियम डोळे झाकून लावता येणार नाही, प्रत्येक सामन्याला मध्यरात्र कोठे पडते ते पाहावे लागेल.